खडूची रेघ

माझे बाबा चढावर सायकल चालवायचे आणि उतारावर पायी चालायचे. लहानपणी मला याचं मोठं कोडं पडायचं.

आम्ही कॉलेजच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा ऑफिसात क्लार्क होते. क्वार्टर पार वर, टेकडीच्या खांद्यावर, आणि ऑफिस खाली गेटाजवळ. संध्याकाळी घरी येताना बाबा सीटवरून उठून, पेडलवर उभे राहून, धाप लागेस्तोवर सायकल रेटत वर यायचे. सकाळी जाताना मात्र हँडल धरून सायकलच्या बाजूने चालत जायचे. तेव्हा तर पाय हलवायचीसुद्धा गरज नसायची! क्वार्टरमधली बाकी पोरं घंटी वाजवत बाजूने भर्रकन सुटायची, "नमस्ते काका" ओरडत. मी बाबांच्या मागे दप्तर घेऊन चालत असायची. विचारलं की ते एवढंच म्हणायचे, "उतार चालूनच उतरावा, बेटा."

आज मी त्याच कॉलेजच्या लायब्ररीत काम करते, त्याच ओळीतल्या क्वार्टरमध्ये राहते, आणि गेली चार वर्षं त्याच उतारावरून पायांत चाकाचे बूट घालून खाली येते. इनलाइन स्केट्स. एका रांगेत चार चाकं असलेले. शिकायला लागले तेव्हा वय बेचाळीस होतं.

नागपुरात उतार कुठला, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. त्यांच्या डोळ्यांपुढे घाट असतात. ज्याने सेमिनरी हिल्सचा चढ सायकलने चढलाय किंवा तिथून फुटाळ्याच्या बाजूला उतरलाय, त्याला हा प्रश्न पडत नाही. आमचं कॉलेज याच टेकड्यांच्या अंगाला आहे. रस्त्यासाठी जिथे टेकडी खोदली आहे तिथे काळा कातळ उघडा पडलाय. तो तोच कातळ आहे, जो सह्याद्रीत हजार मीटरच्या वर कडे होऊन उभा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि अख्खी दख्खन त्यांच्याखाली गेली. पूर्वेकडे येता येता हे थर पातळ होत गेले, आणि नागपुरात येऊन संपले. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती टेकडी आणि या आमच्या टेकड्या म्हणजे त्या लाव्हाच्या अगदी शेवटच्या पायऱ्या. पुढे भंडाऱ्याच्या रस्त्याला लागलं की जमीन वेगळी, खडक वेगळा. स्टीफन हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्याने 1850 च्या दशकात नागपूर परिसरात फिरून या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातले शंख गोळा केले होते, गोड्या पाण्यातले. एका लाव्हानंतर दुसरा यायच्या मधल्या काळात इथे तळी भरली होती. लायब्ररीत हे वाचलं त्या दिवशी संध्याकाळी मी खाली येताना मुद्दाम हळू आले. सह्याद्रीपासून निघालेली दख्खन आमच्या गेटाशी येऊन संपते, आणि तो संपण्याचा जो कल आहे, तो रोज माझ्या पायांखाली असतो.

पायी चालताना हा कल कळत नाही, हे मात्र खरं. गाडीवर तर मुळीच नाही. मी पस्तीस वर्षं या रस्त्याने ये-जा केली आणि मला वाटत होतं की तो मेसपासून गेटापर्यंत एकसारखा उतरतो. चाकं घातल्यावर पहिल्याच आठवड्यात समजलं की मेससमोर तो जवळजवळ सपाट आहे, जांभळीच्या झाडापाशी डावीकडे झुकतो, आणि केमिस्ट्रीच्या मागच्या भिंतीजवळ तर पंचवीसेक पावलं चक्क चढतो. त्या चढाची मला कधी शंकाही आली नव्हती. पाय आपोआप मंदावले तेव्हा खाली वाकून पाहिलं.

स्केट्स मी विकत घेतले ते एका हॉस्टेलच्या मुलाकडून. वणीकडचा, एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. लायब्ररीत रोज यायचा. त्याच्याकडे दोन जोड होते, आणि त्यातला जुना त्याला काढायचा होता. भाचीला हवेत म्हणून मी घेतले. भाचीला ते मोठे झाले, मला बरोबर बसले. आठ दिवस पलंगाखाली ठेवून शेवटी मी त्याला विचारलं, मला शिकवशील का. त्याने आश्चर्य दाखवलं नाही की हसलाही नाही. म्हणाला, "शिकवतो ना मॅडम. पण आधी पडायला शिकावं लागते."

पहिले चार दिवस मी पडायलाच शिकले. गुडघ्यांना, कोपरांना, मनगटांना पॅड, डोक्यावर हेल्मेट, आणि मेसमागच्या सपाट फरशीवर मुद्दाम पुढे पडायचं. गुडघे आधी टेकवायचे, मग कोपर, मग तळहात, बोटं वर उचललेली. मागे पडायचं नाही. मागे पडलं की माकडहाड आणि डोकं, दोन्हीला धोका. तोल मागे जातोय असं वाटलं की बसायचं, हात गुडघ्यांवर आणायचे. वेग वाढला की माणूस घाबरून ताठ उभा राहतो, आणि ताठ उभा राहिला की नक्की मागे जातो. "वाकवा ना गुडघे. अजून. तुमचेच पाय तुमाले दिसले नाही पायजेत," तो सांगायचा. मांड्या पेटून निघायच्या.

पाचव्या दिवशी त्याने लायब्ररीतूनच खडूचा तुकडा मागून घेतला, आणि आम्ही उतारावर गेलो.

केमिस्ट्रीच्या त्या छोट्या चढाच्या थोडं वर त्याने रस्त्यावर आडवी रेघ मारली. खाली जांभळीपाशी दुसरी. नियम असा की वरच्या रेघेवरून सुटायचं, जोर न लावता, नुसतं उताराने जाईल तसं, आणि खालच्या रेघेच्या आत पूर्ण थांबायचं. लागोपाठ तीनदा थांबता आलं की वरची रेघ पाच पावलं वर सरकवायची. एकदा जरी खालची रेघ ओलांडली, तर वरची रेघ कालच्या जागी परत.

"ताई, वर जायचं काही नाही. कोणी पण जाऊ शकते. जिथून थांबता येते तिथूनच सुटायचं," तो म्हणाला. मॅडमची ताई कधी झाले ते आता आठवत नाही, पण हे वाक्य जसंच्या तसं आठवतं.

मग त्याने हिशेब सांगितला. फिजिक्सचाच मुलगा तो. घर्षण आणि हवा बाजूला ठेवली, तर 1 मीटर उंचीवरून सुटलेलं काहीही खाली येईस्तोवर ताशी 16 किलोमीटरचा वेग घेतं. उंची चौपट केली, 4 मीटर, तर वेग दुप्पट, 32. इथवर ठीक वाटतं. पण थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दुप्पट झाला की ते चौपट होतं. आमच्या क्वार्टरपासून गेटापर्यंतची उतरण त्याने मोबाइलवर मोजली होती, 11 मीटर भरली. कागदावर तो वेग ताशी 50 च्या पुढे जातो. प्रत्यक्षात चाकांची घासण आणि समोरचा वारा बराचसा वेग खातात, तरीही जे उरतं ते पळणाऱ्या माणसाच्या आवाक्यातलं नसतं. आणि आपण जे पायांत घातलंय त्याला सायकलसारखा हातात धरायचा ब्रेक नाही.

ब्रेक असतो. उजव्या बुटाच्या टाचेमागे रबराचा एक ठोकळा असतो, आगपेटीपेक्षा जरा मोठा. नवख्याला वाटतं की टाच खाली दाबली की थांबलो. तसं केलं की आधी शरीर पुढे जातं. खरी पद्धत उलटी आहे. उजवा पाय पुढे सरकवायचा, जवळजवळ पाऊलभर. मग त्याच पायाचा चवडा वर उचलायचा, म्हणजे ठोकळा आपोआप रस्त्याला टेकतो. मग खुर्चीवर बसल्यासारखं खाली बसायचं, वजन हळूहळू त्या टाचेवर देत. जितकं खाली बसाल तितकं लवकर थांबाल. आवाजही बदलतो. आधी नुसती सळसळ, मग खर्रर्र, आणि अगदी थांबायच्या आधी कुत्रं गुरगुरावं तसा एक खोल आवाज. तो शेवटचा आवाज आला की समजायचं, बसलं बरोबर.

दुसरी रीत म्हणजे मागचा पाय आडवा टाकून, इंग्रजी टी अक्षरासारखा, चाकं घासत थांबायचं. त्याने चाकं एका बाजूने झिजतात आणि तोल जास्त लागतो. तिसरी मला सगळ्यांत आवडते, तिच्यात थांबायचं नसतंच. उतार मोठा असेल तर सरळ खाली न येता रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी वळणं घ्यायची. प्रत्येक वळण थोडं वरच्या अंगाला संपवलं की वेग तिथेच सांडतो. म्हशी टेकडीवरून उतरताना हेच करतात. टेकडीवर चराईला आलेल्या म्हशींची वाट पाहा, ती सरळ कधीच नसते.

या चाकांचा इतिहास शोधला तेव्हा तिथेही हीच गोष्ट पहिली सापडली. जॉन जोसेफ मर्लिन हा बेल्जियममधला कारागीर, 1760 च्या दशकात लंडनला आलेला. घड्याळं, वाद्यं, नाना यंत्रं बनवायचा. त्याने चाकांचे बूट बनवले आणि एका मोठ्या मेजवानीत ते घालून, व्हायोलिन वाजवत शिरला. सांगतात की त्याला वळताही येईना आणि थांबताही, तो तसाच जाऊन एका प्रचंड आरशावर आदळला. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं, तो स्वतः जबर जखमी झाला. पुढे 1819 मध्ये पॅरिसमध्ये पेतिब्लेदने एका रांगेत चाकं असलेल्या बुटांचं पेटंट घेतलं, पण तेही वळत नव्हते. वळणं सोपी झाली ती 1863 मध्ये, न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने दोन पुढे दोन मागे अशी चार चाकं लावली आणि त्यांच्या जोडाला रबराची उशी दिली तेव्हा. आपल्याकडे रिंकवर लहान मुलं शिकतात ते क्वाड याच घराण्यातले. एका रांगेतली चाकं परत आली ती 1980 च्या सुमाराला अमेरिकेतल्या मिनियापोलिसमधून, बर्फावर हॉकी खेळणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात सराव करायचा होता म्हणून. म्हणजे चाकं बनवणं जमल्यावर थांबणं आणि वळणं जमायला माणसाला शंभर वर्षं लागली. मला पाच पावलांसाठी तीन आठवडे लागले, त्याचं वाईट वाटेनासं झालं.

रस्त्याबद्दल मला मनापासून लिहायचंय, कारण चाकांवर असताना रस्ता हाच खरा सोबती असतो.

आमच्या कॉलेजचा जुना रस्ता डांबरी. वरचा अर्धा भाग फार जुना, त्यातलं डांबर पावसाने धुऊन गिट्टीची टोकं वर आलेली. त्यावरून गेलं की कंप तळपायातून दातांपर्यंत पोचतो. खालच्या अर्ध्यावर काही वर्षांपूर्वी बारीक कार्पेट टाकलंय, तिथे चाकं रेशमावरून गेल्यासारखी जातात. मऊ चाक गिट्टीवर सुखाचं, पण लवकर झिजतं. कडक चाक कार्पेटवर पळतं, पण गिट्टीवर पाय सुन्न करतं. चाकावर आकडा असतो, 78 ए, 82 ए, 85 ए, तो त्या कडकपणाचा. माझी चाकं 80 मिलिमीटरची, कडकपणा मधला. अर्धा रस्ता एका जातीचा आणि अर्धा दुसऱ्या, म्हणून.

मग ऋतू. माघ-फाल्गुनात साग आणि शिरीष पानं टाकतात. सागाचं वाळलेलं पान ताटाएवढं असतं, ते चाकाखाली फुटतं त्याचं काही नाही. शिरीषाची शेंग मात्र चाकांच्या मधे अडकते. चैत्रात कडुनिंबाचा मोहर गळतो. दिसायला इतका सुंदर, पिवळसर रांगोळीसारखा रस्त्याच्या कडेने पसरलेला, आणि त्यावर ब्रेक लागत नाही. मी त्याच्यावर एकदा खालची रेघ ओलांडून दहा पावलं पुढे गेले होते, आणि नियमाप्रमाणे वरची रेघ मागे आली.

मे महिन्यात नागपुरात दिवसा स्केटिंगचा विचारही कोणी करू नये. पारा 45 च्या पुढे असतो, आणि नवतपा लागला की रात्री बारालाही रस्त्यावर हात ठेववत नाही. गेटाजवळच्या वळणावर डांबर पाझरतं. चाकाला चिकटतं, मग त्याला चुरी चिकटते, आणि चाकाचं सॅंडपेपर होतं. त्या दिवसांत आम्ही पहाटे पावणेपाचला जायचो. तेवढ्या तासाभरात रस्ता दिवसाची सगळी आग सोडून निवलेला असतो, कोकिळा अर्धवट जागी असते, मेसचा महाराज चहाचं आधण ठेवत असतो. पोटऱ्यांना मात्र खालून ऊब लागत राहते.

पावसाळ्यात बंद. ओल्या रस्त्यावर रबरही सरकतं, आणि बेअरिंगमध्ये पाणी गेलं की गंज. पाऊस संपला की पहिलं काम म्हणजे झाडणं. टेकडीवरून मुरूम वाहून येतो आणि वळणाच्या आतल्या बाजूला पंख्यासारखा पसरतो. वाटाण्याएवढा एक खडा चाकाला अचानक रोखू शकतो, आणि चाक थांबलं तरी वरचा माणूस थांबत नाही. दरवर्षी दसऱ्याच्या आधी मी खराटा घेऊन वरपासून खालपर्यंत रस्ता झाडते. दोन सकाळी लागतात. झाडायचं काम ज्या मावशींकडे आहे त्यांना पहिल्या वर्षी वाटलं, मी त्यांची तक्रार करायला आले. मग त्याच म्हणाल्या, "वळणावरचं मी पाहून घेतो, तुमी वरचं पाहा." आता आमची वाटणी झाली आहे.

तीन वर्षांपूर्वी मधल्या शंभर पावलांचा रस्ता सिमेंटचा झाला. नागपूर शहरभर सिमेंटचे रस्ते होत होते, आमच्याकडेही आला. सिमेंट खड्ड्यांपासून वाचवतं, हे मला मान्य आहे. पण घसरू नये म्हणून त्यावर आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात, त्या चाकांना गिट्टीपेक्षा वाईट. आणि जिथे सिमेंट संपून परत डांबर लागतं, तिथे ठेकेदाराने दोन बोटं उंचीचा काठ तसाच सोडला. ना उतरता भराव, ना पांढरा पट्टा. मी ऑफिसात दोनदा अर्ज दिला. आम्ही तर चाकांवर होतो, पण संध्याकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची बोटं ठेचकाळत होती.

मी पडले ती त्याच काठावर. एप्रिलची सकाळ होती. मनगटाचे गार्ड उकडतं म्हणून मी घरी ठेवून गेले होते. वरून उतरताना एका स्कूटीला वाट द्यायला बाजूला झाले, नजर स्कूटीवर राहिली, काठ विसरले. पडायची पद्धत अंगात होती म्हणून गुडघे आधी टेकले. हात मात्र उघडे होते. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. काठ चूक होता आणि गार्ड नव्हते ही चूक माझी होती. दोन्ही खरं आहे, आणि एकाने दुसरं खोटं ठरत नाही. प्लास्टर असताना तिसरा अर्ज मी डाव्या हाताने लिहिला. त्यानंतर काठावर सिमेंटचा उतरता भराव पडला.

त्या सहा आठवड्यांत त्या फिजिक्सच्या मुलाची परीक्षा झाली आणि तो हॉस्टेल सोडून गेला. जाताना भेटायला आला, खडूचा एक अख्खा डबा देऊन गेला. "रेघ तुम्हीच सरकवा आता," म्हणाला. "पण खोटं नका सरकवू."

बाबांनी इतक्या दिवसांत या सगळ्यावर एक शब्दही काढला नव्हता. ते आता एकोणऐंशीचे आहेत, माझ्याकडेच असतात. सकाळी फिरायला म्हणून निघतात आणि जांभळीजवळच्या पुलियावर बसतात. मी खाली येते, थांबते, परत चढत वर जाते. उतारावर चढताना पावलं बदकासारखी बाहेर वळवून टाकावी लागतात, म्हणजे मागे सरकत नाही. ते बघत असतात. मी पुलियापाशी आले की एवढंच विचारतात, "आज कुठून सुटली?" मी सांगते, मेसच्या खांबापासून, किंवा दुसऱ्या क्वार्टरच्या पायरीपासून. ते मान हलवतात. प्लास्टर असतानाही ते रागावले नाहीत. फक्त दोन दिवस पुलियावर गेले नाहीत.

2023 च्या ऑक्टोबरात हांगचौच्या एशियाडमध्ये रोलर स्केटिंगची 3000 मीटर रिले होती. मी मोबाइलवर पाहत होते तर तेही येऊन बसले. भारताच्या पुरुषांना आणि महिलांना, दोन्ही संघांना ब्राँझ मिळालं. आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे, विक्रम इंगळे. महिलांत संजना, कार्तिका, हीरल, आरती. कांबळे आणि इंगळे ही नावं ऐकून बाबा पुढे सरकून बसले. पण त्यांच्या लक्षात राहिलं ते सुवर्णपदक. पुरुषांच्या शर्यतीत कोरियाचा शेवटचा स्केटर पुढे होता. रेघ यायच्या जरा आधी त्याने जिंकल्याच्या आनंदात हात वर केले, आणि मागून तैवानच्या खेळाडूने पाय लांब करून चाक रेघेपलीकडे घातलं. फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. बाबांनी ते तीनदा मागे घेऊन पाहिलं. "रेघ येईस्तोवर उभं नाही राहायचं," ते हळूच म्हणाले. माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मी अंगणात बेअरिंग धुवायला बसले होते. एका चाकात दोन, आठ चाकांत सोळा. बाहेरून 22 मिलिमीटर, आतलं भोक 8, जाडी 7. पंख्यापासून छोट्या मोटारीपर्यंत कुठेही सापडतात ती 608 नंबरची. स्टीलच्या वाटीत पेट्रोल घेऊन त्यात हलवायची, जुन्या टूथब्रशने घासायची, कापडावर ओळीने वाळत घालायची, आणि पूर्ण वाळली की प्रत्येकीत शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब. बोटावर धरून फिरवलं की आवाज आला नाही पाहिजे. बाबा माझ्यासमोर स्टुलावर बसून एकेक फिरवून कानाजवळ नेत होते, आणि ज्यातून खर्र आवाज येईल ती परत वाटीत टाकत होते. त्यांचा कान माझ्यापेक्षा चांगला निघाला.

मग मी ब्रेकचा जुना ठोकळा काढला. वर्षभरात तो इतका झिजला होता की मागची कड पार तिरपी झाली होती, कोरल्यासारखी, आणि एका बाजूने आतला स्क्रू दिसायला लागला होता. मी नवा बसवत होते. बाबांनी जुना उचलला. अंगठा त्या तिरप्या कडेवरून फिरवत राहिले, बराच वेळ.

"तू तीन वर्षांची होती," ते म्हणाले. "कॅरिअरवर उशी बांधून बसवलं होतं तुले. बालवाडीत सोडायचं होतं. मागच्या ब्रेकची रबरं पार गेली होती. मला माहीत होतं. पगार सात तारखेला होता, त्या दिवशी चार तारीख होती. म्हटलं, तीन दिवस काढू."

मी स्क्रू फिरवायचं थांबले.

"याच जांभळीपाशी. तुला काही लागलं नाही. खरचटलंसुद्धा नाही. तू हसत होती, तुला वाटलं मी मुद्दाम केलं." त्यांनी ठोकळा उलटा करून पाहिला. "सात तारखेला रबरं बदलली. चांगली घेतली. पण मग चालवलीच नाही या उतारावर."

आईने हे मला कधी सांगितलं नाही. कदाचित तिलाही त्यांनी सांगितलं नसेल.

मी काय बोलावं ते सुचेना. वाळलेली बेअरिंग एकेक करून चाकांत दाबत राहिले. सोळावी बसल्यावर त्यांनी जुना ठोकळा सदऱ्याच्या खिशात टाकला, आणि नव्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो स्क्रू अजून अर्धा आटा जाते, बघ."

गेला.